पत्ता जुळत नाही

यादीच्या चौथ्या ओळीत बर्नाडीन कुझ्माला स्वतःचं घर दिसलं. घराचा क्रमांक, रस्ता, शेवटी पिनकोड. आधी तिला वाटलं, आपणच चुकून काहीतरी टाइप केलं. एकोणीस वर्षं शाळेच्या कार्यालयात बसलं की बोटं आपापली चालतात, आणि अशी बोटं एखाद्या दिवशी आपलाच पत्ता लिहून मोकळी होतात. पण ही यादी तिने लिहिलेली नव्हती. ती दर महिन्याला राज्याच्या राजधानीतून येते. ज्या घरांना सरकारची अन्नमदत मिळते त्या घरांतली मुलं तिथला संगणक शाळेच्या पटाशी ताडून पाहतो. जी जुळतात त्यांचं दुपारचं जेवण आपोआप मोफत होतं, आईबापांना अर्जसुद्धा भरावा लागत नाही. जी पुरती जुळत नाहीत तेवढी बर्नाडीनच्या टेबलावर येतात. तिने बघायचं, ठरवायचं. या महिन्यात सहा होती.

हॅस्केल, टेसा.
जन्मतारीख: जुळते.
आईचं नाव: जुळतं.
पत्ता: जुळत नाही.

टेसा तिची नात, तिला पोलिश पद्धतीने ‘बुशा’, म्हणजे आजी, म्हणणारी. तिसरीत, याच इमारतीत, जिन्याजवळच्या वर्गात. पटावर टेसाचा पत्ता तिच्या आईबापांच्या घराचा, जनेल आणि रॉडनीच्या, टेकडीवरच्या निळ्या दाराच्या घराचा. यादीत मात्र लिहिलं होतं की टेसा हॅस्केल ही आजीच्या घरी राहते, आणि त्या घराला अन्नमदत मिळते. त्या घरात बर्नाडीन एकटी राहते. आज सकाळी तिथेच तिने अंडं उकडलं होतं, अर्धं खाल्लं होतं. ओळीच्या खाली नेहमीची दोन बटणं होती. ‘तोच विद्यार्थी.’ ‘तो नव्हे.’ तिच्या जागी परकी बाई असती तर तिने एका क्षणात पहिलं दाबलं असतं. नाव तेच, तारीख तीच, लोक घरं बदलतातच. सगळ्या पेनसिल्व्हेनियात तो पत्ता खोटा आहे हे ठामपणे सांगू शकणारी बाई एकच होती, आणि यादी नेमकी तिच्यासमोर उघडली होती.

“झाली का गं यादी, की अजून तिच्याशी गप्पाच चालल्यात?” दारातून ओपल म्हणाली. ओपल स्वयंपाकघराची प्रमुख, केसांवर जाळी, हातात रिकामा ट्रे.

“सहा राहिलीत.”

“मग त्या सहांना सांगते, पोरांनो थांबा, बर्नीबाई विचार करतायत.”

“शुक्रवारपर्यंत मुदत आहे, ओपल.”

“भूक काय शुक्रवारची वाट बघते होय?” ओपल गेली. जाता जाता तिने वळून एकदा बर्नाडीनकडे पाहिलं की भिंतीवरच्या घड्याळाकडे, हे बर्नाडीनला नंतर कितीतरी वेळ ठरवता आलं नाही. ओपलला ठाऊक असेल का? ओपलची बहीण जनेलच्याच रस्त्यावर राहते. ओपलने गेल्या महिन्यात एकदा विचारलं होतं, जनेल बरी आहे ना, आणि बर्नाडीनने म्हटलं होतं, मजेत. तेव्हा तो साधा प्रश्न होता. आता तो तसा उरला नाही. असे किती प्रश्न मागे पडून राहिले असतील, साधे समजून उत्तर दिलेले, याचा ती हिशोब लावू लागली आणि दुपारपर्यंत तिने उरलेल्या पाच मुलांपैकी एकालाही हात लावला नाही.

मुख्याध्यापक लँडिस तीनच्या सुमाराला आले, टेबलाच्या कोपऱ्यावर टेकले. ते नेहमी टेकतात, बसत नाहीत. “एकोणचाळीस पूर्णांक सहा,” ते म्हणाले. शंभरातली किती मुलं मोफत किंवा सवलतीत जेवतात त्याचा तो आकडा. बाहेरच्या जगात त्याच आकड्याला शाळेची गरिबी म्हणतात. “चाळीस झाले तर वाचनाच्या बाई टिकतात. नाहीतर वसंतात त्यांना निरोप. थोडी गरिबी वाढवता येते का बघा, मिसेस कुझ्मा.” ते हसले. तिनेही हसून घेतलं. लँडिस वाईट माणूस नव्हेत, पण त्यांना आकडा हवा असतो, मुलं कोण ते नको असतं. नावं कळली की नियमांचा भंग होतो, असं ते म्हणतात, आणि ते खरंही आहे. नावं फक्त बर्नाडीनला माहीत. एकोणीस वर्षांत शहराच्या या टोकाला कोणाच्या घरी काय नाही हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं, आणि तिने कधी कोणाला सांगितलेलं नाही. याचा तिला अभिमान होता. जी बाई सगळं जाणते आणि बोलत नाही, तिच्यापासून घरातलंच काही लपवायचं असलं तर माणूस काय करील? तिने स्वतःलाच विचारलं, आणि या प्रश्नाचं उत्तर येण्याआधीच तिला टपाल आठवलं.

टपाल. दर गुरुवारी जनेल तिच्या घरी येऊन जाते. किल्ली तिच्याकडे असते. बर्नाडीन शाळेतून परतते तेव्हा टपाल पेटीत नसतं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर असतं, मोठी पाकिटं खाली, लहान वर, कडा जुळवून. पोरगी आपल्या गुडघ्यांची काळजी करते, पायऱ्यांवर बर्फ असतो, असं बर्नाडीनने चर्चमध्ये पिअरोगी, त्या बटाट्याच्या पोलिश करंज्या, लाटताना बाकीच्या बायकांना सांगितलंही होतं, जरा मिरवतच. पण हे सुरू झालं ऑगस्टात. ऑगस्टात कुठला बर्फ? आणि कडा जुळवायची गरज कोणाला पडते? ज्याने गठ्ठ्यातून काहीतरी काढून घेतलंय त्याला. एकदा ही गाठ सुटल्यावर बाकीचं भराभर उलगडत गेलं. सप्टेंबरपासून टेसा बसने येत नाही, जनेल गाडीने सोडते. बसमध्ये मोठी पोरं त्रास देतात म्हणाली. कोणती पोरं? बर्नाडीन त्या बसची यादी ठेवते, त्या बसला मोठी पोरं नाहीतच. जनेलने टेकडीवरच्या घरी आपल्याला बोलावून तीन महिने झाले. फरशी उखडलीय, मा, नुसती धूळ आहे. रविवारी जेवायला येतात तेव्हा जनेल उरलेलं सगळं डब्यात भरते, रॉडनीच्या डब्याला होईल म्हणते, आणि रॉडनी त्या वेळी खिडकीबाहेर बघतो. टेसाच्या अंगात नवा जांभळा कोट आहे. जुना काय वाईट होता?

म्हणजे एक तर ते अडचणीत आहेत, नाहीतर लबाडी करतायत. आपल्या घराचा पत्ता देऊन, तिथे एक बाई आणि एक लेकरू राहतं असं सांगून, रॉडनीचा पगार लपवून. अशी माणसं बर्नाडीनने पाहिली होती. फार नव्हेत, पण होती. आणि मंगळवारी संध्याकाळी ताटलीवरचा मासा थंड होत असताना तिच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात लबाडीच्या बाजूने पुरावे गोळा करतोय. जांभळा कोट. रॉडनीची मोठी गाडी. लबाडी असली तर बरं, असं तिला वाटत होतं. लबाड मुलीला रागावता येतं, चार दिवस बोलणं टाकता येतं. गरीब मुलीचं काय करायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

तिच्या आईने तर नाहीच. स्टाशा. कागद गिरणी बंद पडली त्या हिवाळ्यात शाळेतून मोफत जेवणाचा एक अर्ज घरी आला होता. बर्नाडीन नऊ वर्षांची. तेव्हा जेवणाची तिकिटं रंगीत असत. पैसे देणाऱ्यांची पिवळी, फुकटवाल्यांची निळी, आणि निळ्या तिकिटाच्या मुलांनी जेवणानंतर टेबलं पुसायची. स्टाशाने चष्मा लावला, अर्ज पूर्ण वाचला, सगळ्या मुलांची नावं सुवाच्य अक्षरांत लिहिली, आणि जिथे घराचं उत्पन्न लिहायचं त्या चौकटीत लिहिलं: पुरेसं. शाळेने अर्ज परत पाठवला. स्टाशाने तोच अर्ज तसाच पुन्हा पाठवला. तिसऱ्यांदा कोणी पाठवला नाही. तो सबंध हिवाळा बर्नाडीनने चरबी लावलेला पाव कोट टांगायच्या खोलीत उभ्याने खाल्ला, लोकरीच्या ओल्या वासात, आणि वर्गात विचारलं तर म्हणायची, मला दुपारी भूक लागत नाही. त्या वर्षीही कोणीतरी कुठेतरी आकडा काढला असेल. त्या आकड्यात ती नव्हती. कोणी आपल्याला मोजलं नाही, म्हणून आपण गरीब नव्हतो, असं ती पुढे कितीतरी वर्षं मानत आली. आणि मग याच आकड्यावर तिचं पोट भरू लागलं. कागद भरतात ते मोजले जातात. न भरणारे कुठे जातात? कोट टांगायच्या खोलीत. हे तिने लँडिसना कधी सांगितलेलं नाही.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ती गाडी काढून टेकडीवर गेली. जाऊ नये, असा नियम आहे. यादीतून कळलेलं यादीपुरतं ठेवायचं, त्यावरून कोणाच्या दारात जायचं नाही, दरवर्षी ती या कागदावर सही करते. तलावावरून वारा येत होता, आभाळ खाली उतरलं होतं. निळं दार आता निळं नव्हतं. तपकिरी. पायरीवर एक अनोळखी माणूस सडलेले भोपळे पिशवीत भरत होता, आणि खिडकीला जनेलचे पडदे नव्हते. त्याने मान वर करून पाहिलं. “काही हवंय का?” त्याने लांबूनच विचारलं. “रस्ता चुकले,” ती म्हणाली, आणि एकतीस वर्षं ज्या शहरात गाडी चालवली तिथे पहिल्या वळणावर खरोखरच चुकीच्या बाजूला वळली. परत टेबलाशी आल्यावर यादी उघडीच होती. पत्ता: जुळत नाही. आता दोन्ही पत्ते खोटे झाले होते. टेसा हॅस्केल, वय आठ, टेकडीवर राहत नव्हती आणि आजीकडेही राहत नव्हती, आणि रोज सकाळी आठला केस विंचरून शाळेत येत होती. कुठून?

गुरुवारी तिने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, गाडी चर्चच्या मागे लावली आणि चालत घरी आली. पेटीतलं टपाल तसंच ठेवलं. स्वयंपाकघरात दिवा न लावता खुर्चीत बसली. आपल्याच घरात चोरासारखं बसायचं म्हणजे किती आवाज येतात: फ्रिजचा, नळाचा, आपल्या नाकाचा. साडेतीनला किल्ली फिरली. जनेल आत आली, बुटांवरचा बर्फ झटकला, हातातला गठ्ठा चाळला, एक पाकीट काढून कोटाच्या आत सरकवलं आणि मग दिवा लावला.

“ते माझ्या नावाचं नाही ना?” बर्नाडीन म्हणाली.

जनेल दचकली नाही. तिने बाकीचं टपाल टेबलावर ठेवलं, कडा जुळवल्या. “गाडी कुठाय?”

“चर्चच्या मागे.”

“म्हणजे मला पकडायला बसलीस.”

“माझ्या घरात बसलेय.”

“कोट घालून?”

बर्नाडीनने खाली पाहिलं. कोट अंगातच होता. “मी टेकडीवर गेले होते,” ती म्हणाली. “कोणी भलताच माणूस आहे तिथे.”

“चांगला आहे तो. दार मात्र घाण रंगवलंय.” जनेल समोरच्या खुर्चीत बसली, कोट न काढता तीही. “फेब्रुवारीत रॉडनीची कारखान्यातली पाळी बंद केली, मा. सगळ्यांचीच केली. ऑगस्टात घर गेलं. डेलच्या तळघरात आहोत.” डेल हा रॉडनीचा भाऊ, शाळेच्या हद्दीबाहेर दुसऱ्या गावात राहणारा. “तिथला पत्ता दिला असता तर तुमच्या शाळेने टेसाला तिकडे हाकललं असतं. तिचं सगळं गेलंय, ती बाई तेवढी राहू दे म्हटलं. वाचनाची. ती टेसाला आवडते.”

“आणि ती यादी माझ्याकडे येते, ते माहीत नव्हतं तुला?”

“माहीत होतं. म्हणून तर तुझा पत्ता दिला. दुसऱ्या कोणी फोन फिरवले असते.”

“आणि मी?”

“तू बघतेस आणि गप्प बसतेस.” हे जनेल कौतुकाने म्हणाली की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. लहानपणापासून तिचा चेहरा असाच, बंद केलेल्या दुकानासारखा, आणि तो आपणच तिला दिलाय, हे बर्नाडीनला आज पहिल्यांदा सुचलं.

“इथे का नाही आलात? वरची खोली रिकामी आहे. दोन खोल्या.”

“रविवारी रॉडनीने तिसऱ्यांदा बटाटे वाढून घेतले, तेव्हा तू कुठे बघत होतीस?”

“कुठे?”

“चमच्याकडे.”

बर्नाडीनला नाही म्हणायचं होतं. पण चमचा तिला आठवत होता. त्याचा दांडा, रॉडनीचं थांबलेलं मनगट, आणि मग त्याने अर्धे बटाटे परत भांड्यात टाकले ते. ती उठली, पर्स उघडली. पर्समध्ये ती शाळेचे काही कोरे अर्ज बाळगते, कोणती आई कुठे भेटेल सांगता येत नाही. “हे बघ,” ती म्हणाली, आणि आवाज कार्यालयातला झाला, तिला स्वतःला ऐकू आला. “हा एक कागद आहे. जागा गेली, दुसऱ्याच्या घरी राहावं लागतंय, अशांसाठी. यावर एक खूण केली की शाळा मुलाला हलवू शकत नाही. कायदाच आहे तसा. जेवण आपोआप. कुठला पत्ता, काय पत्ता, कोणी विचारत नाही. तुला हे काहीच करायची गरज नव्हती, जनेल.”

जनेलने कागद घेतला. वरची ओळ वाचली. “बेघर विद्यार्थ्यांची नोंद,” ती मोठ्याने म्हणाली. “हे मी लिहून देऊ? तुझ्या हातात? आणि तू ते फायलीत लावणार, माझ्या नावाने, ह अक्षराखाली?”

“नुसता शब्द आहे. शेकडो आया करतात. मी सांगते त्यांना, फक्त एक खूण करा, त्यात लाज कसली.”

“मग तू कर की.” जनेलने पेनही पुढे सरकवलं. “आजीलाही करता येते, इथे खाली लिहिलंय. पालक किंवा नातेवाईक. कर.”

पेन टेबलावर होतं. चौकट लहान होती, तांदळाच्या दाण्याएवढी. एकोणीस वर्षं बर्नाडीनने हा कागद काउंटरवरून पुढे सरकवला होता, हसून, पेनाचं टोपण काढून, आणि पलीकडच्या बायका इतका वेळ का लावतात, याचं तिला मनातून नवल वाटायचं. चीडही यायची, मागे रांग असायची. आता तिने पेन उचललं आणि तिच्या लक्षात आलं की आपलं मन जनेलचा विचार करत नाहीये. ते ओपलचा विचार करतंय. फाइल कोण उघडेल, लँडिस टेबलावर टेकून काय म्हणतील, चर्चमध्ये पीठ मळताना कोण गप्प होईल. तिने पेन खाली ठेवलं.

“बघ,” जनेल म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. ती उठली, कोटातलं पाकीट चाचपलं. “टेसाला सव्वाचारला घ्यायचंय. बटण दाबलंस का तू?”

“अजून नाही.”

“कधी दाबणार?”

“उद्या मुदत आहे.”

“बरं,” जनेल म्हणाली. दारात तिने बुटांचे बंद आवळले आणि ती गेली. कागद टेबलावर तसाच राहिला. त्या रात्री बर्नाडीनने वरच्या खोलीतली खाट मोकळी केली. मोकळी करताना आपण हे जनेलसाठी करतोय की पत्ता खरा ठरावा म्हणून, असा संशय तिला आला. आता स्वतःवर. तो गेला नाही. तरी तिने चादरी घातल्या.

शुक्रवार.

हॅस्केल, टेसा.
‘तोच विद्यार्थी.’

दाबलं. मग संगणकाने विचारलं, खात्री कशी केली. खाली चार पर्याय होते. यातला ‘पालकांशी बोलणं झालं’ हा ती नेहमी निवडायची, बोलणं न होताच, कारण तो सगळ्यांत वर होता. आजही तोच निवडला. उरलेल्या पाच मुलांना तिने अर्ध्या तासात निकालात काढलं. चौघे तेच निघाले, एक निघाला नाही. साडेदहाला लँडिस आले, पडद्याकडे वाकून पाहिलं आणि हळूच शीळ घातली. “चाळीस पूर्णांक एक,” ते म्हणाले. “शाबास, मिसेस कुझ्मा.” वाचनाच्या बाई वसंतानंतरही राहणार होत्या. बर्नाडीन म्हणाली, “माझं काय त्यात,” आणि लँडिसना तो विनय वाटला.

दुपारी ती जेवणघरात गेली. ती कधी जात नाही, तिचा डबा टेबलावरच असतो. तिसरीची रांग होती. रांगेच्या शेवटी ओपल गल्ल्याजवळ उभी, आणि तिच्यासमोर आकड्यांचं छोटं यंत्र. प्रत्येक मुलाने आपला पाच आकड्यांचा क्रमांक दाबायचा. यंत्र एकसारखंच वाजतं, कोण पैसे देतं आणि कोण देत नाही हे ना पोरांना कळतं ना ओपलला. निळी तिकिटं जाऊन हे आलं, आणि हे चांगलंच झालं. टेसाच्या ट्रेमध्ये मका होता, दुधाचं लहान खोकं, पिझ्झाचा चौकोन. तिने वर पाहिलं.

“बुशा, तू इकडे कशी?”

“अशीच. तुला बघायला.”

टेसाने ट्रे कठड्यावर टेकवला. यंत्राकडे हात नेला आणि थांबली. मग डावा तळवा उघडून तिने आकड्यांवर छपरासारखा धरला, आजीच्या बाजूने, आणि त्याखाली उजवं बोट घातलं.

“अगं, तुझा नंबर चोरून आजी काय करणार?” ओपल म्हणाली. “दोनदा मका खाणार?”

मागची मुलं हसली. टेसा हसली नाही. “मम्मीने सांगितलंय, कुणालाच दाखवायचा नाही,” ती म्हणाली, आणि बोट तसंच ठेवून बर्नाडीनकडे बघत राहिली. चेहरा बंद, शांत, ओळखीचा. तिला घाई नव्हती. ती वाट बघत होती.

बर्नाडीन वळली. भिंतीवर नोव्हेंबरचा तक्ता लावला होता, कोणत्या दिवशी जेवायला काय. तिने तो पहिल्या तारखेपासून वाचायला घेतला. यंत्र वाजलं. ती सात तारखेवर होती. मागे ट्रे उचलल्याचा आवाज झाला, बूट करकरत लांब गेले, बाक सरकला, कोणीतरी टेसाला हाक मारली. बर्नाडीन वाचत राहिली, चौदा, पंधरा, सोळा, टर्की आणि बटाटे, आणि महिना संपेपर्यंत तिने मान वळवली नाही.